पंचवीस गोळ्यांचा कट्टा

गड्ड्याच्या जत्रेत, भर थंडीत, तुम्हाला घाम येतो का, हा प्रश्न मी नोकरीत असताना किती बायकांना विचारला असेल याची मोजदाद नाही. बाहेरगावच्या वाचकांना तो वेडगळ वाटेल. पण आमच्या सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात एखादी बाई 'अंगातून वाफा निघतात' म्हणाली, तर त्यात नवल काय? वाफा डॉक्टरांच्या निघायच्या, माझ्या निघायच्या आणि बाहेर उभ्या टांग्याच्या घोड्याच्याही निघायच्या. मग पाळी जाण्याच्या वयामुळे हैराण झालेली बाई कोणती आणि नुसती उन्हानं हैराण झालेली कोणती, हे ओळखायचं कसं? संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, तिला आम्ही गड्डा म्हणतो. तेव्हा पहाटे गोधडीतून हात बाहेर काढवत नाही. त्या थंडीतही जिनं गोधडी लाथाडली, ती आमची पेशंट.

ही युक्ती आमच्या डॉक्टरीणबाईंची, कुमुदबाईंची. सत्तरच्या दशकात साखर पेठेजवळ त्यांचं छोटं प्रसूतिगृह होतं आणि मी तिथे नर्स होते. मूळची मी मोहोळकडची, शेतकऱ्याच्या घरातली. आवाज मोठा आणि राग नाकावर. बाळंतपणं हे आमचं खरं काम. पण दर बुधवारी दुपारी कुमुदबाई 'थोरल्या बायकांना' बघायच्या. कंपाउंडर बुधवारी सुटीवर असायचा, म्हणून गोळ्या बांधून देणं आणि त्या कशा घ्यायच्या ते समजावणं माझ्याकडे आलं. हे काम मला फार चांगलं येतं असा माझा समज होता. तो कसा उतरला, ते सांगायला बसले आहे.

तेव्हा पाळी गेली म्हणून कुणी दवाखान्यात येत नसे. उलट बाई सुटली म्हणायचे. महिन्याचं बाजूला बसणं संपलं, लोणच्याला हात लावायची मोकळीक झाली, देवाचं सगळं करता येऊ लागलं. तक्रार करायची तर कशाची? त्यामुळे बायका यायच्या त्या दुसरंच काहीतरी सांगत. छातीत धडधडतं, झोप नाही, भाकरी थापताना रडू येतं, सुनेचा आवाज सहन होत नाही. काहींना नवरेच घेऊन यायचे. मंद्रूपहून एक धान्याचे व्यापारी आले होते, घरात कानडी बोलणारे. म्हणाले, "हिचा राग उतरेल असं गोळी द्या बघा." कुमुदबाईंनी त्यांना सांगितलं की गोळी देते, पण ती लागू पडायला तुम्ही रोज अर्धा तास तिच्यासमोर बसून ती काय म्हणते ते ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही. महिन्यानं ती बाई एकटीच आली, चेहरा खुललेला. नवऱ्यानं पथ्य पाळलं का, असं मी विचारलं. चार दिवस पाळलं, मग ते मळ्यात जाऊन राहिले, म्हणाली. त्यानंही बरं वाटलं.

कुमुदबाईंचा नियम असा, की गोळी सगळ्यात शेवटी. आधी पाय. आमच्या निम्म्या बायका विड्या वळणाऱ्या. सकाळपासून मांडीवर सूप घेऊन बसायच्या ते दिवे लागेपर्यंत. गुडघे आखडलेले, कंबर धरलेली, पोटात चहाशिवाय काही नाही. त्यांना भरभर चालायला सांगावं तर पंचाईत. पन्नाशीची बाई काही काम नसताना रस्त्यानं चालते म्हणजे काय? लोक विचारणार, कुटं निघालात? यावर उपाय मात्र मी काढला. हातात तांब्या आणि फुलांची पुडी दिली की आपल्याकडे बाई कुठेही जाऊ शकते. मग कुमुदबाई कार्डावर औषधाच्या जागी सरळ लिहायच्या : मारुतीला अकरा प्रदक्षिणा, भरभर. एका बुधवारी अशा सात बायका झाल्या आणि पुजाऱ्यानं निरोप पाठवला की बाईंना म्हणावं, थोड्या दत्ताकडे पाठवा. चालणं, दुपारच्या जेवणात मूठभर शेंगदाणे नि डाळ, संध्याकाळनंतर चहा बंद, आणि मनातलं कुणाजवळ तरी बोलायचं. पुढे माझी स्वतःची पाळी गेली तेव्हा मी एवढ्यावरच निभावून नेलं. चिडचिड झाली खूप, पण ती माझ्या घरच्यांना आधीपासून ओळखीची होती.

पण काही बायकांचं एवढ्यानं भागायचं नाही. त्यांच्यासाठी संप्रेरकाची गोळी होती. या वयात शरीरात जो स्राव कमी होतो, तो बाहेरून पुरवणारी. औषध कंपनीचा माणूस तिचा गुळगुळीत कागद ठेवून जायचा. त्यावर पन्नाशीची एक गोरी बाई टेनिस खेळत असे. आमच्या एका पेशंटनं तो कागद बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, हिला घरी काम न्हाई का? कुमुदबाई ती गोळी हात राखूनच द्यायच्या. ती गर्भाशयाच्या अस्तरावर काम करते, असं त्यांनी मला समजावलं होतं. तापवलेल्या दुधावर साय धरते तसं अस्तर धरत जातं. म्हणून पंचवीस दिवस गोळी द्यायची आणि पाच दिवस थांबायचं. त्या पाच दिवसांत थोडंसं अंगावर गेलं तर जाऊ द्यायचं, साय निघून जाते. न थांबता गोळी चालूच ठेवली तर साय जाड होत राहते आणि मग त्यातून काय उपजेल त्याचा भरवसा नसतो.

आता हे पंचवीस आणि पाच अक्षरओळख नसलेल्या बाईला समजावायचं कसं? कुणी भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढायच्या आणि घर सारवताना त्या पुसून जायच्या. एकीनं तर गोळ्या तिघी जावांमध्ये प्रसादासारख्या वाटून टाकल्या होत्या. मी डोकं लढवलं. पंचवीस विड्यांचा एक कट्टा होतो. दिवसभर हात तेच मोजत असतात, झोपेतसुद्धा चुकायचे नाहीत. मग मी पंचवीस गोळ्यांची एक पुडी करून तिला विडीच्या कट्ट्यासारखा लाल दोरा बांधायला लागले. तीन कट्टे म्हणजे तीन महिने. एक कट्टा संपला की पाच दिवस खाडा, मग दुसरा कट्टा सोडायचा. बायकांना ते एका फटक्यात कळायचं. कुमुदबाईंनी बाहेरच्या डॉक्टरांसमोर माझं कौतुक केलं. मी दोन बोटं वर चालायला लागले.

राजव्वाला पहिले तीन कट्टे दिले ते गड्ड्याच्या दिवसांतच. शहराच्या पूर्व भागातली, तेलुगू विणकरांच्या घरची बाई, वय बावन्न-त्रेपन्न, पाळी जाऊन दोन वर्षं झालेली. नवरा मागावर, ती विड्यांवर. बोलणं कमी, मान ताठ. वाफ आली की तिच्या तळहाताला घाम सुटायचा, पान ओलं व्हायचं आणि विडी सैल पडायची. कारखान्यात तपासणारा सैल विड्या छाटून बाजूला टाकतो. तीस वर्षांत तिच्या विड्या कधी छाटल्या गेल्या नव्हत्या, आणि आता रोज ओंजळभर बाजूला पडत होत्या. झोप नाही, त्यात ही मानहानी. गोळ्या सुरू झाल्यावर महिन्याभरात तिचे हात कोरडे पडले. मार्चअखेर पुढच्या गोळ्या न्यायला आली तेव्हा तिनं आपल्या विड्यांचा एक कट्टा माझ्यासमोर टेबलावर ठेवला, ओढण्यासाठी नव्हे, नुसता बघण्यासाठी. एकसारख्या, घट्ट. आम्ही दोघींनी त्या विड्यांकडे कौतुकानं पाहिलं आणि मी तिला नवे तीन कट्टे बांधून दिले. जूनच्या मध्यावर ती पुन्हा आली, पुन्हा दिले.

ऑगस्ट संपता संपता ती चौथ्यांदा आली. बरोबर सून होती, पद्मा, सहाव्या महिन्यातली. पद्माला बाहेर बाकावर बसवून राजव्वा आत आली. तिचं कार्ड भरलं होतं म्हणून मी नवं करायला घेतलं आणि जुन्या तारखा त्यावर उतरवू लागले. उतरवता उतरवता माझं बोट थांबलं. तीन कट्टे, मधले खाडे धरून, नव्वद दिवस पुरायला हवेत. ही बाई दर वेळी पंचाहत्तराव्या दिवशी हजर. एकदा नव्हे, तिन्ही वेळा. दोनदा मीच तिच्या हातात गोळ्या ठेवल्या होत्या आणि तारखेकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

मी विचारलं की कट्टा संपल्यावर पाच दिवस थांबतेस ना? तिनं अभिमानानं मान हलवली.

"एक बी खाडा केला न्हाई, सिस्टर. आमच्या कारखान्यात खाडे धरले की कार्ड काढून घेतेत. तुमचं कार्ड कशाला घालवू?"

माझी सांगण्याची भाषा मी तिच्या कामातून उचलली होती, पण त्या कामात खाड्याला काय अर्थ असतो याचा विचार मी केला नव्हता. एक कट्टा बांधला की दुसऱ्याचं पहिलं पान हातात असतं. खाडा करते ती आळशी बाई, नाहीतर आजारी बाई, आणि दोघींचंही काम जातं. पाच दिवस खाडा कर, असं सिस्टर म्हणाली म्हणजे तेवढी सवलत आहे असं तिनं धरलं. सवलत घ्यायचा तिचा स्वभाव नव्हता. साडेसात महिने ती रोज न चुकता गोळी घेत होती.

मी आवाज खाली आणून विचारलं की अंगावर काही जातं का. तिनं दाराकडे पाहिलं. पद्मा बाहेर होती. मग फार हळू म्हणाली, "दीड म्हैना झाला."

कुणाला सांगितलं नाहीस का, या प्रश्नावर ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी मूर्खच असावे. "सून पोटुशी हाय आन सासू बाजूला बसली, म्हनले असते. गल्ली हसली असती की."

आणखी एक काटा तिच्या मनात होता. मध्यंतरी नारळी पौर्णिमा झाली होती. त्या दिवशी त्यांच्या समाजाच्या मार्कंडेयाचा रथ निघतो, घरोघर नैवेद्य होतो. तिनं तो तशा अवस्थेत आपल्या हातानं केला होता. आता हे जे झालंय ते त्याचंच फळ, असं तिनं धरून ठेवलं होतं. मी म्हणाले, "देवाचा याच्यात काही संबंध नाही. माझा आहे." तिला ते कळलं नसावं. मी तिला तशीच कुमुदबाईंसमोर नेऊन उभी केली.

पाळी जाऊन दोन वर्षं झाल्यावर अंगावर जाणं म्हणजे काय असू शकतं, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची पोरगीही सांगेल. कॅन्सर हा शब्द तेव्हा आम्ही पेशंटसमोर उच्चारत नसू. कुमुदबाईंनी तिला तपासलं, गोळ्या तिथल्या तिथे बंद केल्या आणि दोन दिवसांनी गर्भपिशवी खरवडून तुकडा तपासायला पाठवायचा असं ठरवलं. मला वाटलं होतं, आता मला बोलणी बसणार. राजव्वा गेल्यावर बाईंनी तिचं जुनं कार्ड पुढे ओढलं. मग म्हणाल्या, "सिस्टर, दर तीन महिन्यांनी तिला मी स्वतः तपासायला हवं होतं. मी गर्दीत नुसत्या कार्डावर सह्या केल्या." रागावल्या असत्या तर मला जास्त सोपं गेलं असतं.

खरवडणं व्यवस्थित पार पडलं. तुकड्याची बाटली पुण्याला गेली. रिपोर्ट टपालानं येणार होता, दहा-बारा दिवस लागणार होते. त्या दिवसांत मी तीन बाळंतपणं केली, त्यातलं एक जुळ्यांचं, आणि त्यातलं मला आज काही आठवत नाही. पोस्टमन येण्याच्या वेळेला मी काही ना काही निमित्त काढून दारात जायची. तोही ओळखून लांबूनच मान हलवायचा. घरी मी कुणावर ओरडले नाही, तेव्हा नवऱ्यानं विचारलं की बरं नाही का. बाकीच्या बायकांना मी एकेकीला बोलावून घेतलं, त्यांच्या पुड्या मोजल्या. आणखी दोघींनी खाडा टाळला होता. एकीनं पहिल्याच महिन्यात आणि दुसरीनं दोनदा, म्हणून त्या थोडक्यात सुटल्या. तेव्हाच मी लाल दोरे कचऱ्याच्या डब्यात टाकले. पुढे कुमुदबाई गोळी देत, ती अगदी थोड्या बायकांना आणि थोडेच महिने. जोडीला अस्तर आवरणारी दुसरी गोळी देत, आणि बाईला पंचवीसच दिवसांच्या गोळ्या मिळत. उरलेल्या पाच दिवसांत तिच्या घरात एकही गोळी नसे. एवढी साधी गोष्ट आधी का सुचली नाही, हे माझं मला अजून समजत नाही. आपल्या हुशारीवर खूश असलेल्या माणसाला साधं काही सुचत नाही, एवढंच म्हणते.

बाराव्या दिवशी पोस्टमननं लांबूनच पाकीट उंच धरलं. मी ते न फोडता बाईंकडे दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि डोळे चोळले. म्हणाल्या, "साधं आहे. अस्तर जाड झालंय, बाकी काही नाही. दुसऱ्या गोळीनं उतरेल." मी बाळंतिणीच्या खोलीत गेले, बाळंतपणाच्या रिकाम्या टेबलाच्या पायरीवर बसले आणि हुंदके देऊन रडले. त्या खोलीत इतकी वर्षं मी दुसऱ्यांना 'रडू नका' म्हणत आले होते.

पेशंट पुढच्या बुधवारी येईल तेव्हा सांगू, अशी पद्धत होती. मी बाईंना न विचारताच चप्पल पायात घातली आणि राजव्वाच्या घरी निघाले. भर दुपार होती. बोळात सगळीकडे मागांची खटखट, त्यामुळे ओट्यावरच्या बायका एकमेकींशी ओरडूनच बोलत होत्या. मला बघून त्या गप्प झाल्या. नर्स पेशंटच्या घरी चालत येते ती काय बातमी घेऊन, हे त्यांना सांगायला नको होतं. राजव्वा मांडीवर सूप घेऊन बसली होती. हातातली विडी तिनं वळून पुरी केली, तिचं तोंड दुमडलं, दोरा गुंडाळला आणि मग वर पाहिलं.

मी तिच्याजवळ बसले. मागांच्या आवाजात कुजबुजणं शक्य नव्हतं, म्हणून माझ्या मूळच्या आवाजात सांगितलं, की रिपोर्ट चांगला आला आहे, तसलं काही नाही, जीवाला धोका नाही. ओट्यावरच्या सगळ्यांनी ते ऐकलं. गल्लीपासून दोन महिने लपवलेली गोष्ट मी एका दमात चव्हाट्यावर मांडली. पण कुणी हसलं नाही. शेजारची म्हातारी तेलुगूत काहीतरी पुटपुटली आणि तिनं दोन्ही हात जोडले.

मग मी जे सांगायला आले होते ते सांगितलं. चूक माझी होती, पाच दिवस थांबायचं कशासाठी ते मी तुला नीट सांगितलं नाही, दोनदा तारीख बघितली नाही, तुला काही झालं असतं तर मी तोंड दाखवू शकले नसते. तिनं हात वर करून मला थांबवलं.

"तुमी थांब म्हनला व्हता, मी न्हाई थांबले. मी म्हननार माझी चूक, तुमी म्हननार तुमची. कशाला भांडायचं, सिस्टर? दोघी बी वाचलो की."

इतक्यात पद्मा पोट सांभाळत दारात आली. ती आतून सगळं ऐकत उभी होती. तिच्या कमरेला काळ्या दोऱ्यात ओवलेली एक किल्ली लोंबत होती. ती घरातल्या एकुलत्या एका लोखंडी पेटीची किल्ली. पिशवी खरवडायला यायच्या आदल्या दिवशी राजव्वानं आपल्या कमरेची सोडून ती सुनेच्या कमरेला बांधली होती. पेटीत काय काय आहे, त्यातलं बाळाच्या बारशाला काय काढायचं आणि आपल्या लेकीला कोणतं लुगडं द्यायचं, हे सगळं सांगून ठेवलं होतं. हे पद्मानं मला डोळे पुसत सांगितलं, आणि पोरगी भाबडी, सासू बरी झाली म्हणून तिच्या पायाशी वाकायला लागली.

"वाकू नको, पोट दबंल," राजव्वा म्हणाली. मग तिनं सूप मांडीवरून बाजूला ठेवलं, तंबाखूनं माखलेला हात लुगड्याला पुसला आणि तळवा सुनेपुढे धरला.

"आन किल्ली दे हिकडं. अजून मी हाय."